खोबरेल घातलेला टाइपरायटर

मी मॅट्रिक पास झालो त्या वर्षी जगात मंदी आली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नसावा, असं माझं मत आहे. रंगूकाकूंचं मत वेगळं आहे.

रंगूकाकू आमच्या शेजारच्या वाडीतल्या. त्यांच्याकडे माड थोडे आणि मतं भरपूर. निकाल कळला त्या संध्याकाळी त्या आमच्या ओटीवर आल्या, पेढा तोंडात टाकला आणि तो गिळायच्या आतच म्हणाल्या, "बरं झालं हो. पण आता ह्याचं करायचं काय?"

नापास मुलाचं काय करायचं हे आमच्या आक्षीत सगळ्यांना ठाऊक होतं. हातात कुदळ द्यायची आणि माडांना आळी करायला लावायचं. पास झालेला मुलगा ही नवीन अडचण होती. तो कुदळ धरत नाही, आणि दुसरं काही धरायला त्याला कोणी देत नाही. अलिबागेत असे पास झालेले मुलगे संध्याकाळी समुद्रावर ओळीने बसलेले असत. कोणी विचारलं तर आम्ही हवा खातोय म्हणून सांगत. ते खरंही असावं, कारण दुसरं खायला मिळेल अशी काही तजवीज दिसत नव्हती.

आमचे वडील, म्हणजे दादा, अलिबागेला कचेरीसमोरच्या उंडीच्या झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देत. वाडीवर घर चालत नव्हतं, अर्जांवर चालत होतं. रोज सकाळी खाडी ओलांडायची, झाडाखाली चटई टाकायची, बोरू तासायचा आणि कोणाची जमीन, कोणाचं कुंपण, कोणाची बायको परत मिळावी म्हणून मायबाप सरकारला विनंती करायची. दादांची मोडी अशी, की बोरू एकदा टेकला की ओळ संपेपर्यंत उचलायचा नाही. जुने कारकून त्यांचा अर्ज हातात आला की आधी जरा लांब धरून बघत, मग जवळ धरून बघत, आणि मग नामंजूर करीत.

त्या वर्षी दादा एकदा कचेरीतून लवकर घरी आले. चेहरा असा, की आईने न विचारता पाणी आणलं.

"मुंबईच्या कोणा शेटचा अर्ज आला होता आज," दादा म्हणाले. "टाइप केलेला. साहेबांनी वाचलासुद्धा नाही. नुसता पाहिला आणि सही केली."

"मग?" आई म्हणाली.

"मग काय? माझे अर्ज ते वाचतात!"

हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की चारचौघांत कोणी त्यांचं पागोटं उडवलं असं वाटावं. ते झोपाळ्यावर जाऊन बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "महादेवा, बोरूचं आता काही खरं नाही. तू टाइपरायटर शिक."

झालं. माझं भवितव्य ठरलं. मला ते थोडं उशिरा कळलं, कारण मी तेव्हा पेरू खात होतो.

भवितव्य ठरल्यावर सल्ले सुरू झाले. रंगूकाकूंच्या कानावर आलं होतं की मुंबईत पडद्यावरची चित्रं हल्ली बोलायला लागली आहेत. तेव्हा तिथे बोलायला माणसं लागत असणार, आणि महादू नाहीतरी दिवसभर बोलतोच. खाडीवर होडी चालवणारा शिवदास कोळी म्हणाला, "दादा, पोराला आगबोटीवर घाला. कागदात काय हाय? कागद भिजला का गेला. आगबोट भिजली तरी चालतंय." माझी धाकटी बहीण गोदू म्हणाली, याला काहीही करा, पण घरात नको. दादांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि माझ्या विठूमामांना बोलावलं.

विठूमामा फोर्टात एका विलायती पेढीत हेड कारकून होते. गणपतीला आले ते चुण्या केलेलं उपरणं सावरतच झोपाळ्यावर बसले आणि म्हणाले, "अहो, काळजी कसली करता! आमचा टायपिस्ट म्हातारा झालाय. दिवाळी झाली की जाईल. टेबल आहे, खुर्ची आहे, वर विजेचा पंखा आहे. फक्त माणूस पाहिजे. महादूची बोटं तेवढी चालती करून ठेवा."

आता बोटं चालती करायची तर यंत्र पाहिजे, आणि आक्षीत यंत्र म्हणजे वाडीतला रहाट. त्यावर इंग्रजी शिकता येत नाही. दादांनी मामांकडून अक्षरांचा क्रम समजून घेतला, एका पाटावर राळेने सुपाऱ्या चिकटवल्या आणि प्रत्येक सुपारीवर चुन्याने एकेक इंग्रजी अक्षर काढलं. रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की गोदू परवचा म्हणे आणि मी सुपाऱ्या दाबत असे. दादा डोळे मिटून, काही ऐकू येत असल्यासारखे, मान डोलवत. ऐकू काही येत नव्हतं. सुपारी आवाज करीत नाही.

एक दिवस रंगूकाकू बोलता बोलता पाटाशी बसल्या, कमरेचा अडकित्ता काढला आणि 'ई' कातरून खाल्ला.

"काकू, ते अक्षर होतं!" मी म्हणालो.

"असेल बाबा. जरा किडकंच होतं," काकू म्हणाल्या.

इंग्रजीला 'ई' किती लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढे बरेच दिवस मी तिथे नुसत्या राळेवर बोट टेकवत होतो आणि ते चिकटून बसत होतं. तरीही मी शिकलो. इतका शिकलो, की जेवताना माझी बोटं ताटाच्या कडेवर आपोआप 'टु द ऑनरेबल' करायला लागली. रंगूकाकूंनी आईला बाजूला घेऊन विचारलं की ह्याला लहानपणी कधी झटके येत होते का.

दिवाळी झाली. मामांचा निरोप आला, पण मला बोलावण्याऐवजी त्यांनी तिकडूनच काहीतरी पाठवलं होतं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या बोटीत एक पेटी चढवली आहे, तीत टाइपरायटर आहे, मुलाला त्यावर सराव करू द्यावा.

दादांना काय आनंद झाला! पेढी आपलं यंत्र गावाकडे का पाठवते, हा प्रश्न त्या वेळी कोणाच्या डोक्यात आला नाही. दादांच्या मते ही पेढीची दूरदृष्टी होती. "विलायती लोक असेच," ते म्हणाले. "माणूस यायच्या आधी त्याची सोय बघतात."

आम्ही दोघं रेवसला गेलो, पेटी उतरवून घेतली आणि टांग्याने अलिबागेपर्यंत सुखरूप आणली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला दादा पेटीवर झोपत होते. खरी पंचाईत खाडीवर झाली. ओहोटी लागली होती. ओहोटीला आमच्याकडे होडी काठाला लागत नाही. चिखलाच्या अलीकडेच थांबते आणि तिथून शिवदास एकेका माणसाला पाठुंगळी घेऊन कोरड्यात नेऊन ठेवतो. मामलेदारापासून म्हाताऱ्या सोवळ्या बायकांपर्यंत सगळ्यांना त्याने असं उतरवलेलं आहे, आणि त्यात कोणाला काही वाटत नाही. उतरणारा माणूस फक्त आकाशाकडे बघतो.

शिवदासने पेटीकडे पाहिलं, दादांकडे पाहिलं.

"दादा, एक कायतरी. पयले तुमी, नायतर पयला ह्यो डबा."

"डबा नाही, टाइपरायटर आहे तो. मी उतरल्यावर होडीत त्याच्यापाशी कोण?"

"महादू हाय ना."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यासाठी त्यांनी इतके महिने एवढं केलं होतं, पण यंत्र माझ्यावर सोपवायची त्यांची तयारी नव्हती.

"मग डबा आधी नेतो," शिवदास म्हणाला.

"आणि पलीकडे त्याच्यापाशी कोण?"

शिवदासने खाडीच्या पाण्यात थुंकून विचार केला. "मंग कसा करायचा?"

"दोघांनाही एकदम ने," दादा म्हणाले.

तेव्हा ती मिरवणूक निघाली. खाली शिवदास, त्याच्या पाठीवर दादा, दादांच्या डोक्यावर दोन्ही हातांनी धरलेला टाइपरायटर, आणि मागून चिखलात धोतर खोचून, दादांची छत्री उघडून धरलेला मी. छत्री का उघडली होती ते विचारू नका; ऊन नव्हतं, पाऊस नव्हता, पण प्रसंग तसा होता. काठावर कोळणी टोपल्या ठेवून बघत उभ्या राहिल्या. दादा आकाशाकडे बघत होते.

मधोमध शिवदासचा पाय रुतला. आधी यंत्र गेलं, मग यंत्र पकडायला दादा गेले. शिवदास तेवढा उभा राहिला, कारण त्याचं ओझं कमी झालं होतं.

यंत्र वर काढलं तेव्हा त्यात एक खेकडा होता. सगळ्यांत आधी कळांवरून चालून दाखवलं ते त्याने. मी सुपाऱ्यांवर एवढे कष्ट घेतले, आणि पहिला मान त्याला गेला.

दादा कमरेपर्यंत चिखलात उभे होते. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "संपलं." त्यांच्या तोंडून हा शब्द इतक्या हळू मी आधी ऐकला नव्हता, आणि मला तो आवडला नाही.

शिवदासची आई चंद्राबाई काठावर बोंबील वाळत घालत होती. ती पुढे आली. "संपला कसा? खारं पानी हाय, धुतला का निंगंल. आन हिकडं." तिने गोड्या पाण्याचा हंडा यंत्रावर ओतला, उलटं केलं, झटकलं, आणि बोंबील टांगायच्या बांबूंच्या मांडवावर दोरीने टांगून दिलं. "वाऱ्यानं सुकंल. उनात बोंबील सुकतो, ह्याला काय झालं?"

दुसरा कोणताच उपाय कोणाला ठाऊक नव्हता, म्हणून हाच ठरला. बोंबील कडक होईपर्यंत टाइपरायटर त्यांच्यात लटकत राहिला, आणि कावळे हाकायला मी मांडवाखाली बसून राहिलो. मॅट्रिक पास झाल्यानंतरची माझी ही पहिली नेमणूक. येणारे जाणारे विचारीत, "चंद्राबाय, ही कंची मासली गो?"

"ईलायती हाय," चंद्राबाई सांगे. "महादूला नोकरी लावनारी."

यंत्र वाळलं, पण कळा हलेनात. सल्ले परत सुरू झाले. चंद्राबाई म्हणाली मुशी माशाच्या कलेजीचं तेल घाला, होडीला तेच लावतात. रंगूकाकू म्हणाल्या, भलतंच काय, यंत्र झालं तरी घरात यायचंय त्याला, खोबरेल घाला. हे दादांना पटलं. खोबरेल घरचं, स्वतःच्या माडांचं, ताज्या घाण्याचं. आमच्याकडे खोबरेल डोक्याला लागतं, दिव्याला लागतं, बिजागरीला लागतं, कान दुखला तर कानात जातं. टाइपरायटरला ते का चालू नये? दादांनी तांब्याने ओतलं.

आणि चमत्कार झाला. कळा सुटल्या. मी कागद घातला आणि 'सर' हा शब्द टाइप केला. जरा तेलकट आला, पण आला. दादांनी तो कागद दिव्यापाशी नेला, उलटा करून मागून पाहिला, आणि देवापुढे ठेवला. त्या रात्री आईने शिरा केला. शिऱ्याच्या वासावर मात करून घरभर एक दुसराच वास पसरला होता. सुके बोंबील खोबरेलात तळावे तसा. आमच्या शाकाहारी घरात असला वास पिढ्यान्‌पिढ्या आला नव्हता. शेजारचं मांजर येऊन यंत्रावर बसलं, ते तिथेच राहायला आलं.

मांजरापाठोपाठ विठूमामा आले.

ते वळकटी घेऊन आले होते. ट्रंक होती, पाण्याचा फिरकीचा तांब्या होता, भिंतीवरचं घड्याळ होतं. पाहुणा घड्याळ घेऊन येत नाही. आईने ते पाहिलं आणि एक ताट जास्त मांडलं.

जेवण झाल्यावर दादांनी विचारलं, "मग महादूला कधी पाठवू?"

मामा सुपारी शोधायला लागले. पाटावरची 'के' मी त्यांना काढून दिली.

"पेढी बुडाली," ते म्हणाले. "साहेब लोक विलायतेला गेले. शेवटच्या पगाराऐवजी आम्हाला म्हणाले, जे हाती लागेल ते घेऊन जा. मी यंत्र घेतलं. म्हटलं, महादूला उपयोगी पडेल."

"म्हणजे हे…"

"तेच. तुझंच यंत्र रे महादू. ज्यावर तू बसणार होतास ते. खुर्चीपण आणणार होतो, पण आगबोटीत चढवू देईनात."

मी यंत्राकडे पाहिलं. नोकरीला मी जायचं, तर नोकरीच आपलं चंबूगबाळं घेऊन आमच्याकडे आली होती, तीसुद्धा खाडीत पडून. फक्त पंखा आणि पगार मागे राहिले होते.

दादा झोपाळ्यावरून उठले आणि वाडीत गेले. माडांना पाणी लावायची ती वेळ नव्हती, तरी रहाटाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

पौषात मात्र एकदा ते धावत घरी आले. अलिबागेत एका खात्याच्या कचेरीत टायपिस्टची जागा निघाली होती. परीक्षा सकाळी, कचेरी उघडताच. उमेदवारांनी यंत्र आपापलं आणावं, कारण कचेरीतल्या एकुलत्या एका यंत्राला हात लावायची परवानगी वरून यायची होती. दादांनी दोन दिवस मला वाडीत पाऊल टाकू दिलं नाही. बोटाला काही झालं तर! रंगूकाकूंनी मारुतीला नारळ बोलला. मामांनी आपला जुना कोट मला घातला. तो मला इतका मोठा होता, की मी आत वळलो तरी कोट समोरच बघत राही.

त्या सकाळी थंडी कडक होती. यंत्र या खेपेस एकटंच, पहिल्या फेरीला खाडीपार गेलं. दादा ते छातीशी धरून चालत होते. कचेरीत पोहोचल्यावर मी आत बसलो. शेजारी पेणचा एक मुलगा होता. त्याच्याकडे यंत्रच नव्हतं, माझं झाल्यावर माझ्याच यंत्रावर तो परीक्षा देणार होता. पगडीवाल्या साहेबांनी घड्याळ काढलं आणि म्हणाले, "सुरू करा."

मी कळ दाबली. ती खाली गेली आणि विचार करीत तिथेच थांबली.

दुसरी दाबली. ती निम्म्यावर थांबली. मी आत डोकावून पाहिलं. खोबरेल थिजलं होतं. पांढरंशुभ्र, घट्ट, डब्यातल्या तुपासारखं. थंडीत खोबरेल थिजतं हे आक्षीतलं रांगतं मूलही जाणतं. आईच्या चुलीशेजारी तेलाची बाटली त्या महिन्यात रोज ठेवलेली असते. तरी यंत्रातलं तेलही खोबरेलच आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

खिडकीतून दादांनी पाहिलं. ते दिसेनासे झाले आणि समोरच्या हॉटेलवाल्याची पेटती शेगडी फडक्यात धरून आत आले.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"काही नाही, यंत्र जरा शेकतो," दादा म्हणाले. "आपण वेळ मोजा. त्याबद्दल आमची तक्रार नाही."

शेगडी यंत्राखाली गेली. खोबरेल वितळायला लागलं, आणि त्याबरोबर मांडवावरचे सगळे बोंबील जागे झाले. कचेरीभर तळणीचा वास सुटला. साहेबांनी उपरणं नाकाला लावलं. ते शाकाहारी होते. दारातला शिपाई नव्हता, तो दोन पावलं आत आला. पेणच्या मुलाचे डोळे पाणावले, पण ते धुरानेही असेल. कुठून तरी एक मांजर येऊन टेबलावर चढलं. तेवढ्यात कळा मोकळ्या झाल्या, मी भराभर टाइप करू लागलो, आणि निम्मी ओळ होते न होते तोच कागदाने पेट घेतला.

साहेबांनी पाण्याचा पेला यंत्रावर ओतला. यंत्राला आता त्याचं काही नव्हतं.

"ह्या परीक्षेचा निकाल काय लागेल?" दादांनी कपाळ पुसत विचारलं.

साहेब जरा घुटमळले. माणूस वाईट नव्हता. "खरं सांगू का? काल संध्याकाळीच वरून हुकूम आला. काटकसरीत ही जागा गेली. परीक्षेची नोटीस लागली होती, म्हणून परीक्षा घ्यावी लागली."

"जागा नाही?"

"नाही."

"पण असती, तर महादू पास झाला असता का?"

साहेबांनी जळका कागद उचलून पाहिला. "वेग चांगला होता," ते म्हणाले.

दादा एवढ्यावर बाहेर आले. उंडीच्या झाडाखाली आपल्या चटईवर बसले, शेजारी मी बसलो, मध्ये यंत्र ठेवलं. पेणचा मुलगा काही वेळ आमच्यासमोर उभा राहिला आणि मग समुद्राच्या दिशेने गेला. ऊन सरकत सरकत यंत्रावर आलं, आणि आतून तेलाचा एक थेंब चटईवर पडला.

अशा वेळी शिवदास आला. खाडीवर पूल होणार अशी बातमी होती. झालाच तर होडीचं काय, म्हणून त्याला अर्ज करायचा होता. दादांनी दौत उघडली, बोरू घेतला, मायना लिहायला वाकले. शिवदास यंत्राकडे बघत होता.

"दादा, एक बोलू? राग नका मानू."

"बोल."

"अर्ज त्या डब्यावं करा ना. इंग्लिशमंदी. सायब तसला वाचत न्हाईत म्हनं. नुसती सही करतात."

दादांचा बोरू तसाच हवेत राहिला. मी चटईच्या काड्यांकडे बघत होतो.

"अरे, राग कसला?" दादा म्हणाले. "मुलगा कोणाचा आहे?" आणि स्वतः सरकून त्यांनी मला चटईच्या मधोमध बसवलं.

दादांनी तोंडाने मराठीत सांगितलं, मी त्याचं मला येईल तसं इंग्रजी केलं. पूल होऊ नये असं लिहायचं होतं की झाला तर होडीला पेन्शन द्यावं, हे मला नीट कळलं नाही. मी दोन्ही घातलं. साहेबांनी तो अर्ज वाचला नाही. सही केली. काय मंजूर झालं ते अजून शिवदासला माहीत नाही, सरकारला माहीत नाही आणि मलाही नाही. पण सही झाली ही बातमी त्याच ओहोटीला सगळ्या कोळीवाड्यात पोहोचली.

तेव्हापासून माझं बरं चाललं आहे. थळहून, नागावहून, चौलहून माणसं येतात आणि दादांना नमस्कार करून माझ्यासमोर बसतात. "यंत्रावं करा," म्हणतात. दादा त्यांना सरकायला जागा करून देतात. रंगूकाकू सगळ्यांना सांगतात की टाइपरायटर मुळात त्यांनीच सुचवला. एकूण दादांनी मला मार्गाला लावायचं म्हटलं होतं, तसा मी लागलो आहे. मार्ग त्यांच्याच चटईवरून जातो, एवढंच.

फक्त सकाळी यंत्र चालत नाही. तेल थिजलेलं असतं. ऊन झाडाच्या वर येईपर्यंत थांबावं लागतं, आणि ज्यांना घाई असते, ज्यांना परतीची भरती गाठायची असते, ते कंटाळून दादांकडे वळतात. "तुमीच द्या लिवून." मग बोरू कुरकुरायला लागतो. दादा अशा वेळी ताठ बसतात. ओळ संपेपर्यंत हात उचलत नाहीत.

मामा मध्यंतरी नोकरी शोधायला मुंबईला गेले होते. नोकरी मिळाली नाही, पण येताना त्यांनी माझ्यासाठी एक बाटली आणली. टाइपरायटरचं खास तेल. कितीही थंडी पडो, गोठत नाही म्हणाले. मी ती माळ्यावर ठेवून दिली. मांजराला तो वास आवडला नसता.

दादांना या बाटलीचं माहीत नाही. त्यांना माझ्या धंद्याची काळजी. रोज आल्याबरोबर ते यंत्र उचलतात आणि जिथे पहिलं ऊन पडतं तिथे नेऊन ठेवतात. "लवकर सुटेल," म्हणतात. ते पाणी प्यायला गेले की मी ते उचलून परत सावलीत ठेवतो. ते येतात, पाहतात, झाडाला शिव्या देतात की सावली सारखी सरकते, आणि पुन्हा उन्हात ठेवतात. पौष आणि माघ आमचा असा गेला.

आता फाल्गुन लागला. काल सकाळी शिवदासच्या पाठीवरून उतरताना दादा म्हणाले, "आज गारठा नाही बघ." झाडाखाली आधीच एक म्हातारा उकिडवा बसला होता, भरती गाठायच्या घाईत. दादांनी चटई टाकली, दौतीचं झाकण काढलं, बोरू पाहून ठेवला. मी यंत्र सावलीत ठेवलं आणि सहज एक कळ दाबली.

ती खाली गेली आणि लगेच वर आली.

आवाज दादांनी ऐकला. "सुटलं?" ते म्हणाले. "वा! आता तुझं सकाळपासूनच चालेल." आणि म्हाताऱ्याला हाताने माझ्याकडे सरकवून त्यांनी दौतीचं झाकण परत लावलं.